धूम्रपानामुळे फुप्फुसांना सूज : वनस्पतिजन्य औषधे कशी वापरावीत

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात अडुळसा, हळद, जेष्ठमध सहज मिळतात आणि खोकल्याने बेजार झालेला माणूस बहुधा डॉक्टरांआधी तिथेच पोहोचतो. त्यात गैर काही नाही, मात्र क्रम चुकू नये.

आधी विडी-सिगारेट थांबवावी. धूर आत जात असेपर्यंत संरक्षक पेशी फुप्फुसात गोळा होत राहतात आणि त्यांच्यातून स्रवणारे इलॅस्टेज हे विकर (एन्झाइम) वायुकोशांच्या भिंती झिजवत राहते; कोणताही अर्क या माऱ्यापुढे टिकत नाही. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर मदत मिळते. त्यानंतर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी, करून घ्यावी आणि डॉक्टरांनी दिलेला इनहेलर बंद करू नये.

अडुळशाची लांबट, टोकदार पाने वाफवून, कुटून त्यांचा कडू रस मधातून घेण्याची आपली रीत जुनी आहे. त्यातील व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले. म्हणून अडुळशाकडून कफ सुटण्याची अपेक्षा ठेवावी, सूज उतरण्याची नव्हे. गर्भवतींनी तो घेऊ नये. रक्तदाब असलेल्यांनी जेष्ठमध टाळावे.

हळदीबाबत अधिक जपावे लागते. तिच्यातील कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाहाचे संकेत रोखते, पण पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. त्यामुळे अनेक गोळ्यांत मिरीतील पायपरीन मिसळलेले असते आणि तेच पायपरीन दम्याच्या थिओफिलिन या औषधाचेही रक्तातील प्रमाण वाढवते. शिवाय धूम्रपान सुटले की यकृत थिओफिलिनचा निचरा सावकाश करू लागते. ही दोन्ही कारणे एकत्र आली तर नेहमीचीच मात्रा जास्त होऊन उलट्या, धडधड, प्रसंगी झटकेही येऊ शकतात. आमटी-भाजीतली हळद खुशाल खावी; गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर मुळीच नाही.

‘झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?’ हे मला नेहमी ऐकू येते आणि दर वेळी काळजी वाटते. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम दिले गेले. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. गाजर खावे, पण या गोळ्या धूम्रपान करणाऱ्याने घेऊ नयेत.

तपासणीला जाताना घरातले सगळे काढे, चूर्णे, गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. थुंकीत रक्त दिसले, बसल्या जागी धाप लागली किंवा ओठ निळसर झाले, तर काढा उकळत न बसता थेट रुग्णालय गाठावे.