आइस्क्रीममध्ये इमल्सिफायर कशासाठी घालतात?

फूड टेक्नॉलॉजी शिकून आलेल्या मुलांना मुलाखतीत मी हा प्रश्न हमखास विचारते. माटुंग्याच्या आयसीटीचा (रसायन तंत्रज्ञान संस्थेचा) विद्यार्थी असो की दुसरीकडचा, उत्तर बहुधा एकच येतं: फॅट आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून. मेयोनेजसाठी ते चालेल, आइस्क्रीमसाठी नाही.

ते काम दुधातली प्रथिनं आधीच करून बसलेली असतात. होमोजिनायझरमध्ये फॅटचे थेंब फुटले, की केसीन आणि व्हे प्रोटीन त्यांच्यावर चिकटून जाड आवरण करतात. आपल्याला उलट ते आवरण थोडं कमकुवत करायचं असतं. मिक्स ४ अंश सेल्सिअसला काही तास एजिंगला, म्हणजे मुरायला, ठेवलं, की मोनो-डायग्लिसराइड (ई ४७१) हे इमल्सिफायर थेंबांच्या पृष्ठभागावरून बरीचशी प्रथिनं हटवतात, फॅटही अंशतः गोठतं. मग फ्रीजरमध्ये घुसळताना थेंब एकमेकांना अर्धवट चिकटतात, हवेच्या बुडबुड्यांना आधार देतात आणि आइस्क्रीम आकार धरतं. पॉलिसॉर्बेट ८० हा दुसरा इमल्सिफायर हेच फार कमी मात्रेत करतो. हात सैल सुटला तर लोण्याचे कण जिभेला लागतात.

प्रथिनं हटतात कशी, हे इंग्लंडमधल्या नॉरिचच्या संशोधक ॲलन मॅकी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं. इमल्सिफायरचे छोटे रेणू प्रथिनांच्या जाळ्यातल्या फटींत शिरतात, फटी वाढतात, जाळं दाबलं जाऊन जाड होतं आणि शेवटी तुटतं. मुंबईत इथे लोकलच्या चौथ्या सीटची उपमा द्यायचा मोह होतो, पण प्रवासी एकमेकांचे हात धरून बसत नाहीत, प्रथिनं बसतात. म्हणूनच घट्ट जाळं करणारं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन (एक व्हे प्रोटीन) सुट्या बीटा-केसीनपेक्षा जास्त तग धरतं.

कॉफीत दुधाऐवजी घालायच्या व्हाइटनरमध्ये सगळं उलट. तिथे प्रथिन थेंबावर टिकलं पाहिजे. कॉफीच्या आम्लतेने पीएच खाली आला (केसीनचा विद्युतभार ४.६ च्या आसपास शून्य होतो), की वर फुटल्यासारखे कण तरंगतात. म्हणून पीएच सांभाळायला फॉस्फेट घालतात. इमल्सिफायर निवडताना एचएलबीचा (तो पाण्याकडे जास्त झुकतो की तेलाकडे, हे सांगणाऱ्या आकड्याचा) तक्ता पाहा, पण समोर प्रथिन कोणतं आहे ते आधी विचारा.

नव्या नोकरीत पार्टिकल सायझरवर (कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर) मोठे कण दिसले, की नमुन्यात थोडं एसडीएस (साबणासारखं एक रसायन) घालून पुन्हा मोजा. कण लहान झाले तर थेंब नुसते गुच्छात होते. तसेच राहिले तर खरोखर जुळलेत. सेंट्रिफ्यूज करून खालच्या सीरममधलं (पाणीदार भागातलं) प्रथिन मोजलंत, तर किती हटलं तेही कळतं. बॉसला आधी हे दोन आकडे दाखवा, फॉर्म्युला बदलायचं नंतर बोला.