छतातला लायडार: माउंटिंग आणि कूलिंगच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

काय काम करतोस, असं कोणी विचारलं आणि मी "लायडारचं माउंटिंग आणि कूलिंग" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे सेन्सर बनवता का?" नाही, लायडार, म्हणजे लेझरने समोरच्या वस्तूंचं अंतर मोजणारा सेन्सर, दुसरे लोक बनवतात. तो गाडीच्या छतात कुठे बसेल, कशावर टेकेल आणि तापला की त्याची उष्णता कुठून बाहेर पडेल, हे आम्ही बघतो. पुण्यात बसून युरोपातल्या गाड्यांसाठी असली कामं बरीच चालतात. मेकॅनिकलची मुलंमुली हल्ली या कामाबद्दल विचारतात, म्हणून हे लिहितोय.

जानेवारी २०२१ मध्ये निओ या चिनी कंपनीने ईटी७ ही गाडी दाखवली, २०२२ मध्ये व्होल्व्होने ईएक्स९०. दोन्हींच्या कपाळावर, विंडस्क्रीनच्या वर, लायडार होता. उंचावरून लांबचं दिसतं आणि बंपरपेक्षा चिखल कमी उडतो, म्हणून ही जागा. आमच्या दृष्टीने मात्र ही गाडीतली सगळ्यात अवघड जागा. वरून ऊन, खाली हेडलायनर (छताचं आतलं अस्तर), मागे सनरूफ, बाजूंना कर्टन एअरबॅग. हवा खेळायला जागाच नाही.

मुलाखतीत मी एक गणित हमखास देतो. ऊन दर चौरस मीटरला १००० वॅट. काळं छत त्यातलं ९० टक्के शोषतं. बाहेर ४५ अंश, वारा जेमतेम, उष्णता-संक्रमण गुणांक (एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे हवेत जाणारे वॅट) २५ धरा. ९०० भागिले २५ म्हणजे ३६ अंशांची वाढ. छत ८१ अंशांवर. आता समजा सेन्सर २५ वॅट उष्णता टाकतो, त्याच्या केसिंगची मर्यादा ८५ अंश आहे आणि छतातल्या पोकळीत हवा ७५ अंश आहे. हाताशी उरले १० अंश. म्हणजे दर वॅटला ०.४ अंशाच्या आत बसायचं. हा आकडा काढून "सर, नुसत्या फिन्सनी (उष्णता हवेत सोडणाऱ्या पात्यांनी) हे अवघड दिसतंय" म्हणणारा उमेदवार मला आवडतो. सॉफ्टवेअरची नावं घडाघडा सांगणारे पुष्कळ येतात.

मग पर्याय काय? पंखा लावला तर आवाज नेमका डोक्यावर, आणि तो फिरवणार तीच ७५ अंशांची हवा. एसीची थंड हवा डक्टमधून आणता येते, पण पावसाळी दमट हवेत थंडगार पृष्ठभागावर दव धरतं, आणि ते सेन्सरच्या काचेवर धरलं तर सगळंच मुसळ केरात. ए-पिलरमधून, म्हणजे विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबातून, कूलंट (उष्णता वाहून नेणारा द्रव) वर नेणं थर्मलच्या दृष्टीने सगळ्यात दमदार. पण प्रवाशांच्या डोक्यावर पाइपचा जोड ठेवायला मी सहजी तयार होत नाही. पेल्टिएर (विजेवर चालणारी थंड करणारी चकती) स्वतःच वीज खातो आणि तीही उष्णता आपल्यालाच बाहेर काढावी लागते.

नवे लोक सिम्युलेशन करतात ते ताशी १२० किलोमीटरवर, कारण ती केस नीट कन्व्हर्ज होते, म्हणजे गणित एका उत्तरावर स्थिरावतं. त्या वेगात वाराच निम्मं काम करतो. खरी कसोटी वेगळी: दुपारभर उन्हात उभी गाडी, चालू केली आणि लगेच ट्रॅफिकमध्ये अडकली.

थंडीही सोडत नाही. ९०५ नॅनोमीटरच्या नेहमीच्या लेझर डायोडची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते. कडाक्याच्या थंडीपासून उन्हापर्यंतच्या १०० अंशांच्या फरकात ३० नॅनोमीटर. मग रिसीव्हरचा फिल्टर तेवढा रुंद ठेवावा लागतो आणि त्यातून ऊनही जास्त आत येतं. म्हणून ऑप्टिक्सवाले आमच्याकडे एकेक अंशासाठी भांडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

आता माउंटिंग. ०.१ अंशाने सेन्सर कलला तर १०० मीटरवर साडेसतरा सेंटिमीटरची चूक. पॉलिकार्बोनेटचं एक मीटरचं पॅनेल ६० अंशांनी तापलं की जवळजवळ ४ मिलिमीटर वाढतं, स्टील पाऊण मिलिमीटरही नाही. त्यामुळे सेन्सर बाहेरच्या पॅनेलवर टांगायचा नाही, छताच्या क्रॉसमेंबरवर (आडव्या पट्टीवर) बसवायचा. एक बिंदू पक्का, बाकीच्या छिद्रांना स्लॉट, म्हणजे लांबट खाच, वाढीला जागा म्हणून.

इथेच दोन टीमचं जुंपतं. व्हायब्रेशनवाल्यांना रबर बुश (हादरे शोषणारी रबरी चकती) हवा, आणि रबर लावला की ब्रॅकेटमधून जाणारी उष्णता अडली. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट घट्ट बसवला तर उष्णता छान वाहते, पण उन्हाने तापलेल्या फ्रेमकडून उलटीही येऊ शकते. बऱ्याच कंपन्यांत ब्रॅकेट एकाकडे आणि कूलिंग दुसऱ्याकडे असतं. माझ्या मते हे चूक आहे. तोच तुकडा दोन्ही कामं करतो, तर तो एकाच डोक्यातून निघायला हवा. तुम्हाला यातलं एकच काम मिळालं, तर दुसऱ्याच्या मीटिंगला आगंतुकासारखे जाऊन बसा.

पाण्याबद्दल थोडक्यात: गाडीच्या भागांत धूळ-पाणी शिरू नये यासाठीच्या आयएसओ २०६५३ या मानकातली ९के चाचणी, म्हणजे ८० अंशांचं पाणी ८० ते १०० बार दाबाने. ती वाचून ठेवा.

शिकायचं काय? हीट ट्रान्सफर, जीडी अँड टी (ड्रॉइंगवर आकार आणि जागेच्या चुकीची मर्यादा लिहायची पद्धत), टॉलरन्स स्टॅक-अप (भागांच्या मापांतल्या लहान चुका एकत्र किती होतात त्याचा हिशोब). बाहा या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधलेली असेल तर उत्तम, पाना हातात धरलेला माणूस ड्रॉइंगमध्ये बोल्टला जागा ठेवतो. उन्हाळी चाचण्या चीनमधल्या तुर्फानला होतात, हिवाळी स्वीडनच्या आर्येप्लोगला. पण फ्रेशरला सुरुवातीला क्लायमेट चेंबरसमोर (हवं ते तापमान ठेवणाऱ्या खोलीसमोर) थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायच्या तारा, चिकटवावे लागतात. कंटाळू नका. नीट न चिकटलेला थर्मोकपल हवेचं तापमान दाखवतो आणि आठवडाभराचा डेटा वाया जातो.

तोवर मे महिन्यात एक काळी आणि एक पांढरी गाडी शेजारी उन्हात लावा, दोन्ही छतांचं तापमान मोजा आणि वरचं गणित पांढऱ्यासाठी करून बघा. उत्तर जुळलं नाही तर कुठला आकडा बदलावा लागला, ते मुलाखतीत सांगा.