कारेलियन पाय (pie) कडक होत होते, ते असे मऊ झाले

कार्यालन्पीराक्का म्हणजे फिनलंडचा कारेलियन पाय, राईच्या (rye या धान्याच्या, मोहरीच्या नव्हे) पातळ पारीत तांदळाची खीर भरून भाजलेला. माझी पारी भाजल्यावर पापडासारखी कडक, आणि खीर कडेवरून उतू जायची. मैदा वाढवला तर राईची चव गेली, पिठात तेल घातलं तर पारी बिस्किटासारखी भुसभुशीत झाली. चार घाणे वाया गेले.

चूक भाजण्यात होती. २०० अंशांवर अर्धा तास ठेवलं की पातळ पारी भाजण्याऐवजी वाळते.

आता क्रम असा. १५० मिली पाण्यात ८५ ग्रॅम आखूड दाण्याचा तांदूळ (इंद्रायणी चालतो) पाणी आटेपर्यंत शिजवायचा. ३५० मिली दूध घालून मंद आचेवर ४० मिनिटं, चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट. मीठ शेवटी. खीर पूर्ण गार करायची. कोमट असली तरी पारी ओली होऊन फाटते.

पारीसाठी ९० ग्रॅम राईचं पीठ, ६० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, १०० मिली गार पाणी. बारा गोळ्या, राईच्याच पिठीवर दीड मिलिमीटर जाडीच्या लंबगोल लाटायच्या. लाटलेल्या झाकून ठेवा, राई पटकन सुकते. मध्ये दोन चमचे खीर, कडा आत दुमडून चिमटीने चुण्या.

ट्रे आत ठेवूनच ओव्हन २५० अंशांवर तापवा, १२ ते १५ मिनिटं भाजा.

मग सगळ्यात महत्त्वाचं: बाहेर काढताक्षणी १०० मिली गरम दूध आणि ५० ग्रॅम लोणी यांच्या मिश्रणात प्रत्येक पाय दोन्ही बाजूंनी बुडवून काढा, एकावर एक रचा, बटर पेपर आणि जाड पंचाखाली २० मिनिटं ठेवा. कोंडलेल्या वाफेनेच पारी मऊ पडते. वर उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून.