बेडकाच्या टँकचं पाणी गरम करताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरची थंडी काय असते ते इथल्यांना सांगायला नको. जानेवारीत रात्री पारा ५ च्याही खाली जातो, आणि आमच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी घरांत तर दुपारीसुद्धा खोली गरम होत नाही, टँकचं पाणी १३-१४ वर येऊन बसतं. आपण रजाईत आणि ते एवढंसं बेडूक तळाशी पाय पसरून पडलेलं, खायला टाकलं तरी हलत नाही. जीव कळवळतो आणि माणूस घाईत काहीतरी करून बसतो.

आधी तुमचं बेडूक कुठलं ते बघा, कारण दुकानात दोन जाती सर्रास एकाच नावानं विकतात. पुढच्या पायांच्या बोटांमधे पडदा असेल तर ते ड्वार्फ फ्रॉग, त्याला २२ ते २६ डिग्री लागतात. पुढची बोटं सुटी असतील तर आफ्रिकन क्लॉड फ्रॉग, ते १८ ते २२ मधे खूश असतं, त्याला २६ वर ठेवलंत तर उलट त्रासच.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. हीटर उघडाच लावला. बेडकांना उबेला चिकटून बसायची सवय असते आणि चटका बसतोय हे कळून ती वेळेत उठतीलच असं नाही. एका सकाळी बघतो तर आमचं बेडूक हीटरच्या नळीला मिठी मारून बसलेलं, काढलं तर पोटावर नखाएवढा पांढरट चट्टा. फार वाईट वाटलं. तेव्हापासून प्लास्टिकच्या जाळीचं गार्ड लावल्याशिवाय मी हीटर चालू करत नाही. जाळी बारीक हवी, मोठ्या भोकातून ड्वार्फ आत शिरून अडकतं. तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा असलेली तार गुंडाळू नका, ते पाण्यात उतरतं आणि बेडकाची कातडी सगळं आत ओढते. म्हणूनच भाजलेल्या जागी घरातलं मलम चोपडू नका, प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

"अरे गीझरचं एक तांब्या पाणी ओत की," असं आईनं सांगितलं होतं. नको! एक तर गीझरमधे बऱ्याचदा तांबं असतं, आणि दुसरं म्हणजे एकदम गरम पाण्याचा झटका थंडीपेक्षा वाईट. तासाला एखाद डिग्री वाढू द्या. पाणी बदलतानाही नवीन पाणी क्लोरीन काढलेलं आणि टँकच्या पाण्याच्या एक-दोन डिग्रीच्या आत असलेलंच घाला. बादलीत टाकायचा रॉड तर टँकच्या जवळपाससुद्धा आणू नका, त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद करणारा भाग, नसतो आणि करंटचा धोका वेगळाच.

हीटर किती वॅटचा? लिटरमागे १ वॅट असं सगळे सांगतात पण ते उबदार खोलीत, इथे ४० लिटरला ७५ तरी लागतो. पण म्हणून एकदम २०० चा आणू नका, थर्मोस्टॅट चालूच अडकला तर छोट्या टँकचं पाणी काही तासांत जीवघेणं गरम होतं. हीटरच्या डायलवर विश्वास ठेवू नका, वेगळा थर्मामीटर हीटरपासून लांब, दुसऱ्या टोकाला लावा. पाणी काढायच्या १५-२० मिनिटं आधी प्लग काढा, नाहीतर गरम नळी उघडी पडून काच तडकते. वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमधे न जाता खाली टपकेल. वर झाकण हवंच, पण पाणी आणि झाकणात चार बोटं हवा सोडा, ही बेडकं श्वास घ्यायला वर येतात.

लाईट गेली तर टँकला चारी बाजूंनी जुनी गोधडी गुंडाळा आणि कोमट पाण्याची घट्ट बंद बाटली आत तरंगत ठेवा, उकळतं नाही. तेवढ्या वेळात खायला घालू नका, गारठ्यात त्यांना पचत नाही आणि उरलेलं सडतं. लाईट आल्यावर फिल्टरमधून पाणी खरंच वाहतंय ना ते हात लावून बघा, पंप कधीकधी हवा धरून नुसता गुरगुरत राहतो आणि गरम पाणी हीटरपाशीच साचतं.