जळालेल्या दुकानाची काजळी काढताना

गेल्या श्रावणात जळगावातील आमच्या कापडाच्या दुकानात मीटरजवळच्या वायरिंगने पेट घेतला. आग लवकर विझली, पण बंबाचे पाणी तळघरातील गोदामात घोट्यापर्यंत साचले. फोटो काढून पाणी उपसण्यापलीकडे, विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत मी कशालाही हात लावला नाही.

खरी चूक त्यानंतर झाली. काजळी ओल्या फडक्याने पुसताच ती गिलाव्यात मुरली आणि भिंतीवर काळे ओघळ पसरले. रंगकाम करणाऱ्या मिस्त्रींनी मला थांबवले. आधी व्हॅक्युमने सुटी काजळी ओढून, मग कोरड्या स्पंजने वरून खाली एकाच दिशेने पुसून, शेवटी साबणाचे पाणी वापरल्यावर उरलेल्या भिंती निघाल्या. वास मात्र लाखेच्या प्रायमरचा हात दिल्यावरच दबला.

जिथे ज्वाळा पोहोचल्याही नव्हत्या, त्या शटरवर चार दिवसांत गंज चढला, कारण पीव्हीसी वायर जळताना सुटणारा हायड्रोजन क्लोराइड वायू दमट हवेत आम्ल बनतो आणि लोखंड खातो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने शटर पुसून, कोरडे करून आम्ही त्याला तेल लावले.

ओलाव्यात 24 ते 48 तासांत बुरशी धरू शकते, म्हणून फुगलेले जिप्समचे छत आणि प्लायवूडचे रॅक काढून टाकले व पंखे भाड्याने आणले. (वैशाख असता, तर हे काम खानदेशच्या उन्हाने फुकट केले असते.) वायरमनने मेगर (वायरचे इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावून प्रत्येक सर्किट तपासल्यानंतरच वीज सुरू केली, त्यात वरून धडधाकट दिसणाऱ्या दोन लाइनी बाद ठरल्या.