डेड बग आणि बर्ड डॉग करताना पोट कसं आवळायचं

डेड बग आणि बर्ड डॉगसारख्या कोअरच्या, म्हणजे पोट-कमरेच्या, व्यायामात हातपाय हलतात, कंबर हलू द्यायची नसते. ती स्थिर ठेवायचं काम पोटाचे स्नायू करतात. ते कमी आवळले तर कंबर कमानीसारखी वर उचलली जाते, जास्त आवळले तर सपाट होऊन जमिनीवर दाबली जाते. दोन्हींत मणके त्यांची नैसर्गिक जागा सोडतात.

आधी पोट आवळायला शिका. गुडघे दुमडून, तळपाय टेकवून पाठीवर झोपा. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडांपासून दोन बोटं आत आणि थोडं खाली, दोन्ही बाजूंना बोटं रुतवा. हलकं खोका. बोटांखाली जे टणक होऊन बोटांना बाहेर ढकलतं, तेच हवंय. आता न खोकता तेवढंच टणक करा, पण सगळी ताकद लावू नका. या व्यायामांना पाव ताकदही पुष्कळ होते. श्वास चालू ठेवून एक ते दहा मोठ्याने म्हणता आलं, तर प्रमाण बरोबर आहे. श्वास कोंडला तर सैल करा.

बेंबी आत ओढा, असंही बरेच ट्रेनर सांगतात. हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवलं की कंबरदुखी असलेल्यांमध्ये हात हलवताना पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, ट्रान्सव्हर्सस, उशिरा जागा होतो. त्या कामानंतर पोट आत ओढण्याची पद्धत रूढ झाली. हा स्नायू ओळखायला ती उपयोगी आहे. पण कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचा आक्षेप आम्हाला पटतो: पोट आत ओढलं की बाजूच्या तिरक्या स्नायूंची तरफ आखूड होते आणि कण्याला मिळणारा आधार घटतो. म्हणून पोट आत ओढू नका, फुगवूही नका, आहे तिथेच चहूबाजूंनी कडक करा.

डेड बगमध्ये पाठीवर झोपून मांड्या उभ्या, गुडघे काटकोनात आणि हात छताकडे ठेवा. कमरेखाली चौपदरी घडी केलेला नॅपकिन सरकवा. श्वास सोडत उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय जमिनीकडे, तीन-चार सेकंदांत न्या. पाय लांब जातो तसा त्याला तोलून धरणारा सोआस स्नायू ताणला जातो. हा स्नायू थेट कमरेच्या मणक्यांपासून निघतो, त्यामुळे तो मणक्यांना पुढे खेचतो. पोट सैल असेल तर त्याच क्षणी कंबर उचलली जाते आणि कोणी टोक ओढलं तर नॅपकिन अलगद निघून येतो. तसं झालं तर पाय इतका खाली नेऊ नका. गुडघा दुमडलेलाच ठेवून फक्त टाच टेकवा. फासळ्या वर येत असतील तर हात मागे कमी न्या. नॅपकिनवरचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहिला पाहिजे. कंबर जमिनीला चिकटवायची नाही.

बर्ड डॉगमध्ये मुख्य धोका कंबर वळण्याचा असतो. मनगटं खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली ठेवून ओणवे व्हा. कमरेच्या खोलगट भागात कण्याच्या रेषेत लाटणं ठेवा. डावा हात आणि उजवा पाय उचला, पण टाच नितंबापेक्षा वर नको. उजवा खुबा वर उचलला गेला की लाटणं डावीकडे घरंगळतं. पाय फार वर गेला तर कंबर खोल वाकते. पाठीला कुबड आलं तर पोट जास्त आवळलं गेलंय, कारण पोटाचा मधला उभा स्नायू फासळ्या आणि ओटीपोटाच्या तळाचं हाड एकमेकांकडे ओढतो. सात-आठ सेकंद थांबा, हात-गुडघा जमिनीवरून फिरवून आणा, पुन्हा उचला. प्रत्येक बाजूला आधी सहा, मग चार, मग दोन वेळा. थकलेला स्नायू पकड सोडतो, म्हणून आकडे उतरते.

रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर तरी सिट-अप्ससारखे वाकण्याचे व्यायाम टाळा.

हर्निया, गरोदरपण, नुकतंच बाळंतपण किंवा उच्च रक्तदाब असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. पायात कळ उतरली किंवा मुंग्या आल्या तर लगेच थांबा.

नॅपकिन आणि लाटणं दोन्ही जागेवर राहायला लागले की मगच डेड बगमध्ये पाय पूर्ण सरळ करा. वजन त्यानंतर.