खासदाराचं प्रतिज्ञापत्र कर्जप्रकरणासारखं वाचा

जिल्हा बँकेच्या कर्ज विभागात मी २८ वर्षं काढली. सातबारा, आठ-अ, जामीनदारांचे उतारे, पगाराचे दाखले हेच रोजचं काम. गेल्या लोकसभेच्या वेळी भाचीनं फोनवरचा मेसेज दाखवला, ‘आपल्या खासदारांची संपत्ती पाच वर्षांत दुप्पट!’ घरात सगळे तावातावानं बोलायला लागले. मी म्हटलं, “आधी कागद आण, मग बोलू.” त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर खासदारांनी उमेदवारी अर्जासोबत दिलेली २०१९ आणि २०२४ ची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून आम्ही दोघींनी ओळ न् ओळ वाचली. ती पद्धत इथे देते.

कागद मिळवणं सोपं आहे. निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्रांच्या संकेतस्थळावर निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवाराचा ‘नमुना २६’, म्हणजेच प्रतिज्ञापत्र, उघडतो. जुने कागद ‘मायनेता’ या संकेतस्थळावर सापडतात. ते चालवणाऱ्या असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सनं लढवलेल्या खटल्यातच सर्वोच्च न्यायालयानं २ मे २००२ रोजी निकाल दिला आणि ही माहिती मतदाराच्या हक्काची झाली. दोन निवडणुकांचे कागद घ्याच. एकावरून माणूस किती श्रीमंत ते कळतं, कसा झाला ते कळत नाही.

शेवटच्या ‘भाग ब’मध्ये गोषवारा असतो. मेसेजमधले आकडे बहुतेक तिथूनच उचललेले असतात. तुम्ही ‘भाग अ’ वाचा.

सोन्यापासून सुरुवात करा, कारण तिथे हात बसतो. किंमत बाजूला ठेवा, वजन बघा. समजा दोन्ही वेळा ५०० ग्रॅमच आहे. एप्रिल २०१९ मध्ये दहा ग्रॅमला साधारण ३२ हजार होते, म्हणजे १६ लाख. एप्रिल २०२४ मध्ये भाव ७० हजारांच्या वर गेला, म्हणजे ३५ लाखांहून जास्त. एक गुंजही खरेदी न करता संपत्ती दुप्पट दिसते. वजन वाढलं असेल, तर मात्र पैसा कुठून आला हे विचारायचं.

जमिनीलाही हाच न्याय. गट नंबर, क्षेत्र, वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, खरेदीची तारीख आणि तेव्हाची किंमत असे रकाने असतात. आधीच्या कागदात नसलेला गट नंबर दिसला की त्यावर खूण करा. महाभूलेख या राज्याच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव टाकून सातबारा बघता येतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुणाचा बोजा आहे का ते पाहा आणि प्रतिज्ञापत्रातल्या कर्जाशी ताडा. आम्ही बँकेत पहिल्यांदा हाच रकाना बघायचो.

मग देणी. बँकेचं कर्ज समजतं. हातउसने घेतलेले मोठे आकडे आणि देणाऱ्यांची नावं मला जास्त बोलकी वाटतात.

उत्पन्नाच्या रकान्यात पाच वर्षांच्या विवरणपत्रांतले आकडे असतात. त्यांच्याशेजारी पगार मांडा. एप्रिल २०१८ पासून खासदारांचा पगार महिना १ लाख होता आणि २०२०-२१ मध्ये करोनामुळे वर्षभर ३० टक्के कपात झाली. म्हणजे २०१९ ते २०२४ या काळात भत्ते सोडून, कर कापण्याआधी साधारण ५६ लाख पगार झाला. १ लाख २४ हजारांचा पगार मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला, तो १ एप्रिल २०२३ पासून लागू धरला, पण तो फरक २०२४ च्या कागदात नसणार. नवी मालमत्ता याहून खूप मोठी असेल, तर धंदा, शेती किंवा कर्ज यांपैकी कशात तरी तिचं मूळ दिसायला हवं. खासदार निधीचे वर्षाला ५ कोटी यात धरू नका. तो पैसा जिल्हा प्रशासनामार्फत कामांवर खर्च होतो, खासदाराच्या खात्यात जात नाही.

आता कागदावर नसतं ते. स्वतःशिवाय पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि आश्रित यांचीच मालमत्ता द्यावी लागते. स्वतः कमावणारा मुलगा त्यात येत नाही. आमच्या पट्ट्यात तर साखर कारखाना, दूध संघ, शिक्षणसंस्था यांवरच राजकारण उभं असतं. कारखान्याचा अध्यक्ष असला, तरी कागदावर त्याचे फक्त शेअर्स दिसतात. ट्रस्टच्या कॉलेजची इमारत त्याच्या नावावर नसतेच. म्हणून ‘शेती व समाजकार्य’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो कुठल्या संस्थांवर आहे याची वेगळी यादी करा.

गुन्ह्यांच्या रकान्यात संख्या मोजू नका, कलमं वाचा. रास्ता रोकोचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका तराजूत घालता येत नाहीत. आरोपनिश्चिती झाली का, हेही तिथेच असतं.

कारकिर्दीसाठी संसदेच्या संकेतस्थळावर शिक्षण, आधीची पदं, समित्या आणि विचारलेले प्रश्न मिळतात. हजेरी पीआरएस या संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या पानावर बघा. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, हे लक्षात ठेवा. मी प्रश्नांचे विषय मघाच्या संस्थांच्या यादीशेजारी ठेवते. साखर कारखान्यांत बनणाऱ्या इथेनॉलवर दहा प्रश्न आणि मतदारसंघातल्या पाण्यावर एक, असं दिसलं तर त्यांच्या सभेत उठून विचारावं.

खोटी माहिती दिली किंवा लपवली, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निवडणूक रद्द करायची याचिका मात्र निकालापासून ४५ दिवसांतच उच्च न्यायालयात करावी लागते. अर्ज भरल्यापासून मतदानापर्यंत साधारण दोन-तीन आठवडे मिळतात. त्यातली एक संध्याकाळ यासाठी मोकळी ठेवा.